फळांचं ड्रेसिंग फुटतंय, सॅलडच्या तळाशी पाणी साचतंय? या क्रमाने तपासा

आधी लक्षणं

"ड्रेसिंग बिघडलं" म्हणून सांगितलं जातं त्यात निदान पाच-सहा वेगवेगळे बिघाड असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. काहीही ओतायच्या किंवा पुन्हा मिक्सर लावायच्या आधी यातलं नेमकं काय दिसतंय ते बघा.

– बरणीत तेल वर आणि रस खाली. हलवलं की एकजीव होतं, पण पाच-दहा मिनिटांत पुन्हा दोन थर.
– बरणीत अगदी छान दाट दिसतं, पण सॅलडवर घातलं की पानांवरून घसरतं आणि वाडग्याच्या तळाशी रंगीत पाणी जमतं.
– मिक्सरच्या भांड्यातच तेलाचे डोळे तरंगतात, कितीही फिरवलं तरी मिळून येत नाही.
– दही किंवा क्रीम घातलेलं ड्रेसिंग सुरुवातीला उत्तम, काही तासांनी पातळ आणि कडवट.
– फ्रीजमधून काढल्यावर त्यात पांढरट गोळे, नाहीतर चमचा उभा राहील इतका घट्टपणा.
– साहित्यात कडू काहीच नाही, तरी ड्रेसिंग कडू.

यातलं दुसरं लक्षण सगळ्यात जास्त वेळा भेटतं आणि त्यात ड्रेसिंगचा दोष बहुधा नसतोच. लोक मात्र मोहरी वाढवतात, मध वाढवतात, तेल वाढवतात, आणि चांगलं जमलेलं ड्रेसिंग हाताने बिघडवतात. म्हणून खालची तपासणी पानांपासून सुरू होते, मिक्सर शेवटी येतो.

तुलनेसाठी एक प्रमाण

पुढचं सगळं या मापाला धरून आहे. फळाचा गाळलेला गर 100 ग्रॅम, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर 2 मोठे चमचे (30 मिलि), तेल 60 मिलि, गुळगुळीत मोहरी-पेस्ट 1 छोटा चमचा (5 मिलि), मध 1 छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. साधारण 200 मिलि ड्रेसिंग होतं.

साध्या व्हिनेगर-तेलाच्या ड्रेसिंगमध्ये एक भाग आंबटाला तीन भाग तेल घेतात. फळाचा गर असला की इतकं तेल लागत नाही, कारण गरातले तंतू आणि पेक्टिन (फळातलं थिजवणारं द्रव्य) दाटपणाचं काम करतात. तीनास एक हे प्रमाण फळाच्या ड्रेसिंगला जसंच्या तसं लावलं की फळाची चव तेलाखाली दबते आणि जास्तीचं तेल वर येऊन बसतं. तुमचं प्रमाण यापासून फारच लांब असेल तर पुढचं वाचायच्या आधी एकदा या मापाने करून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

1. हा बिघाड आहे तरी का?

ऑलिव्ह तेल फ्रीजमध्ये गढूळ होतं आणि पांढरट कणांत किंवा गोळ्यांत थिजतं. ते खराब झालेलं नाही. बरणी 15-20 मिनिटं बाहेर ठेवा आणि हलवा. दर वेळी हा वेळ नको असेल तर पुढच्या खेपेला सूर्यफुलाचं तेल वापरा, ते फ्रीजच्या थंडीत पातळच राहतं.

अंडं किंवा मोहरी नसलेलं ड्रेसिंग रात्रभरात दोन थरांत वेगळं होणारच. बरणी घट्ट झाकून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवल्यावर ते निदान जेवण होईपर्यंत टिकत असेल, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. हलवल्यावर पाचच मिनिटांत फाटत असेल तर पुढे चला.

2. पानं कोरडी आहेत का?

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त गुन्हेगार इथेच सापडतात. पानं धुवायच्या आधी वजन करा, धुऊन निथळून पुन्हा करा. जो फरक येईल तेवढं पाणी तुम्ही ड्रेसिंगमध्ये घालणार आहात. 100 ग्रॅम पानांवर 20 ग्रॅम पाणी राहिलं, तर ते चार छोटे चमचे झाले. तेवढ्या पानांना ड्रेसिंग लागतं जेमतेम 2 मोठे चमचे, म्हणजे 30 मिलि. निम्म्याहून जास्त पाणी मिसळल्यावर कुठलंही ड्रेसिंग पानाला धरणार नाही.

चाळणीत निथळणं पुरत नाही. कुरळ्या पानांच्या वळ्यांत आणि देठाच्या खोबणीत पाणी अडकून राहतं. सॅलड फिरवून वाळवायचं भांडं असेल तर पानं दोन खेपांत फिरवा आणि मधे तळाचं पाणी ओतून टाका. नसेल तर स्वच्छ सुती पंचावर एकेरी थरात पसरा, गुंडाळी करा आणि फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा. झालं की नाही कळायला एक पान टिश्यू पेपरवर दाबून बघा. कागदावर ओला ठसा उमटला तर अजून वेळ आहे.

3. ड्रेसिंग कधी घातलं आणि सोबत काय आहे?

पानाच्या पृष्ठभागावर मेणासारखा पातळ थर असतो. पाणी आणि आंबट रस त्यावरून ओघळतात, तेल मात्र त्यातून आत शिरतं आणि पान गळपटतं. त्यातच मीठ आणि साखर पेशींतलं पाणी बाहेर ओढतात. म्हणून ड्रेसिंग वाढायच्या पाच मिनिटं आधी घालायचं, त्याहून आधी नाही.

काकडी आणि टोमॅटो असतील तर तळाशी पाणी येणं ठरलेलंच. काप करून चिमूटभर मीठ लावा, 15 मिनिटं चाळणीत ठेवा, सुटलेलं पाणी टाका आणि काप टिपून घ्या. मग ड्रेसिंगमधलं मीठ तेवढं कमी करा, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

इथपर्यंतच्या तीन तपासण्यांत एक पैसा खर्च नाही. त्या झाल्याशिवाय बरणीला हात लावू नका.

4. कालवण्याचा क्रम

मीठ आणि मध तेलात विरघळत नाहीत. तेल आधी घातलं तर मिठाचे कण तसेच राहतात, चव एका घासाला खारट आणि दुसऱ्याला सपक लागते. क्रम असा: आंबट रसात मीठ पूर्ण विरघळवा, मग मध, मोहरी, फळाचा गर. हे एकजीव झाल्यावरच तेल.

तेल घालताना पहिले दोन छोटे चमचे अक्षरशः थेंबाथेंबाने. हाच टप्पा सगळं ठरवतो. सुरुवातीला रसात तेलाचे बारीक थेंब पसरले की पुढचं तेल त्यांच्यात सामावत जातं. एकदम धार सोडली तर मोठे थेंब होतात, ते एकमेकांना भेटून आणखी मोठे होतात आणि वर येतात. पुढचं तेल बारीक धारेने चालतं.

साहित्य साधारण एकाच तापमानाचं असू द्या. फ्रीजमधून काढलेल्या गारठलेल्या गरात ऑलिव्ह तेल पडलं की जागीच थिजायला लागतं आणि त्याचे बारीक थेंब होत नाहीत.

5. मोहरी आहे का, आणि कुठली?

तेल आणि रस आपणहून एकत्र राहत नाहीत, मधे कुणीतरी मध्यस्थ लागतो. मोहरीच्या दाण्याच्या सालीत बुळबुळीत चिकट द्रव्य असतं. ते थेंबांभोवती बसतं आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. गुळगुळीत पेस्टमध्ये ते मोकळं झालेलं असतं. अख्खे दाणे दिसणारी जाडसर मोहरी चवीला छान, पण या कामात कमी पडते. ती हवीच असेल तर अर्धी गुळगुळीत आणि अर्धी जाडसर घ्या.

मध हा खरा मध्यस्थ नव्हे. तो रस दाट करतो, त्यामुळे थेंबांची हालचाल मंदावते, एवढंच. म्हणून मध दुप्पट करून फाटणं थांबत नाही, ड्रेसिंग फक्त गोड होतं. मोहरी चालत नसेल तर अंड्याचा बलक उत्तम काम करतो, कारण त्यात लेसिथिन हे तेल-पाणी जोडून धरणारं द्रव्य असतं. पण कच्चं अंडं गरोदर बाई, लहान मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या ताटात नको. तिथे पाश्चराइज केलेलं अंडं घ्या किंवा एक मोठा चमचा दाट दही घाला.

आधीच फाटलेलं ड्रेसिंग टाकून देऊ नका. स्वच्छ वाडग्यात एक छोटा चमचा मोहरी-पेस्ट आणि एक छोटा चमचा पाणी फेटून घ्या. फाटलेलं ड्रेसिंग त्यात आधी थेंबथेंब आणि मग धारेने घालत फेटत राहा. बहुतेक वेळा परत जमतं. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर पाण्याचं प्रमाण बिघडलेलं आहे, तिसऱ्यांदा मोहरी घालू नका.

6. फळातलं पाणी

बशीवर चमचाभर गर ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. गराभोवती पाण्याचं कडं पसरलं तर फळ पाणीदार आहे. कडं आलं नाही, गर जागच्या जागी बसून राहिला, तर तो थेट वापरता येतो. आंबा, पेअर आणि पीचचा गर सहसा या परीक्षेत पास होतो. स्ट्रॉबेरी, अननस, कलिंगड नापास होतात. संत्र्याचा तर निव्वळ रसच असतो.

पाणीदार गर बारीक चाळणीत अर्धा तास ठेवा. निथळलेला रस फेकू नका, त्यातच वास आणि गोडवा असतो. तो लहान पातेल्यात मंद आचेवर एक तृतीयांश होईपर्यंत आटवा, गार करा आणि गरात परत मिसळा. संत्र्याच्या रसाचंही हेच: 200 मिलि रस आटवून 60-70 मिलि करा. नुसता ताजा रस 100 मिलि घालून दाट ड्रेसिंगची वाट बघत बसलात तर ते होणार नाही. आटवताना स्टीलचं भांडं घ्या. ॲल्युमिनियम किंवा लोखंडाच्या भांड्यात आंबट रसाला धातूची चव येते आणि बेरीचा लाल रंग मळकट होतो.

गोठवलेली फळं हा वेगळा सापळा. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे वितळल्यावर ताज्या फळापेक्षा कितीतरी जास्त पाणी सुटतं. अर्धवट गोठलेलं फळ मिक्सरला लावलं की त्या क्षणी ड्रेसिंग झकास दाट दिसतं, कारण तो दाटपणा बर्फाचा असतो. तासाभराने पाणी. पूर्ण वितळवा, निथळा, मगच वापरा.

उलट तक्रार म्हणजे फ्रीजमध्ये घट्ट गोळा होणं. ब्लूबेरी, सफरचंद, संत्र्याची साल यांत पेक्टिन भरपूर असतं आणि आंबट रस व साखरेच्या सोबतीने ते थिजतं. शिजवलेल्या गराचं तर जॅमच होतं. एकेक छोटा चमचा पाणी घालून फेटा, सैल होईल. पुढच्या वेळी गर शिजवू नका आणि मध थोडा कमी करा.

7. दही आणि काही फळांचं वैर

किवी, अननस, पपई, अंजीर. या चार फळांत न शिजवलेल्या स्थितीत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. किवीत ॲक्टिनिडिन, अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, अंजिरात फिसिन. दही, क्रीम किंवा चीज घातलं की ती दुधाची प्रथिनं तोडत बसतात. दाटपणा ज्या प्रथिनांच्या जाळ्यावर उभा असतो तेच तुटतं म्हणून ड्रेसिंग पातळ होतं, आणि तुटलेल्या तुकड्यांतले काही चवीला कडू असतात. पातळपणा आणि कडूपणा एकत्र आले की दुसरं काही शोधू नका. ताज्या आल्याच्या रसातही असंच एन्झाइम असतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

खात्री करायची तर एक चमचा कच्चा गर दोन चमचे दह्यात मिसळा आणि दोन तासांनी चाखा. बाजूला नुसतं दही ठेवा म्हणजे फरक कळेल.

उपाय उष्णतेचा. किवी किंवा अननसाचा गर उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं ढवळत शिजवा आणि पूर्ण गार करून मग दही घाला. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो थेट चालतो. गोठवल्याने मात्र हे एन्झाइम मरत नाही. पपईतलं जास्त चिवट आहे, तिथे शिजवत बसण्यापेक्षा दही वगळून तेलाचं ड्रेसिंग करणं सोयीचं. किंवा दही आयत्या वेळी घाला आणि लगेच वाढा.

8. कडूपणा आणि रंग

दही नसताना कडू झालं तर तीन ठिकाणी बघा. एक, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये वेगाने फिरवलं का? त्यातली कडसर पॉलिफेनॉल त्यामुळे पुढे येतात. साधं तेल मिक्सरमध्ये फिरवा, ऑलिव्ह तेल शेवटी हाताने मिसळा. दोन, संत्र्या-लिंबाच्या बिया किंवा सालीखालचा पांढरा भाग भांड्यात गेला का? साल किसायची तर फक्त रंगीत थर. तीन, नेव्हल जातीच्या, म्हणजे तळाशी बेंबी असलेल्या संत्र्याचा रस काढल्यावर काही तासांत लिमोनिन तयार होऊन कडू होत जातो आणि तापवला तर लवकर होतो. तो आटवू नका, ताजाच वापरा.

सफरचंद, पेअर, केळं, ॲव्होकॅडो काळवंडतात ते हवेमुळे. फळ कापल्याबरोबर मापातला लिंबाचा रस त्यावरच घाला, नंतरसाठी राखू नका. बरणी गळ्यापर्यंत भरा.

9. मिक्सर आणि शेवटचा उपाय

मोठ्या भांड्यात 200 मिलि ड्रेसिंग केलं तर ते पात्याच्या वर उडून भिंतींना चिकटतं आणि पातं रिकामं फिरतं. चटणीचं लहान भांडं वापरा किंवा काठी-ब्लेंडर आणि उंच अरुंद पेला. लागोपाठ दोन मिनिटं फिरवलं तर ड्रेसिंग तापतं, म्हणून 20-20 सेकंदांचे टप्पे घ्या.

वरचं सगळं करूनही बरणीत दोन-तीन दिवस एकजीव राहायला हवं असेल तर झँथन गम ही दाटपणा देणारी पूड आहे. 200 ग्रॅम ड्रेसिंगला 0.4 ग्रॅम, म्हणजे 0.2 टक्के. यासाठी 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा लागतो, चमच्याने मोजायची ही वस्तू नाही. अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की ड्रेसिंग शेंबडासारखं लोंबतं आणि मग कुणी खात नाही. कोरडी पूड थेट रसात टाकली की गुठळ्या होतात, म्हणून आधी छोटा चमचाभर तेलात कालवा आणि मिक्सर चालू असताना सोडा. तरीही मी हा उपाय शेवटीच ठेवतो: ओल्या पानांवर झँथन गमसुद्धा घसरतो.

इथे थांबा

ताज्या फळाचं ड्रेसिंग 4-5 अंश सेल्सिअसच्या फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस. बाहेर दोन तासांहून जास्त राहिलेलं टाकून द्या. बुडबुडे, झाकण उघडताना फुस्स आवाज, आंबूस दारूसारखा वास किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर "वरचं काढून बघू" नको, आणि चाखून खात्री तर मुळीच नको. खरबूज, कलिंगड, पिकलेली पपई, केळं ही कमी आंबट फळं आहेत. त्यांच्या ड्रेसिंगमध्ये लिंबू चवीपुरतं समजून कमी करू नका. कच्चा लसूण घातलेलं ड्रेसिंग दर वेळी फ्रीजमध्येच, कारण तेलात बुडालेल्या लसणात हवेविना वाढणारे बोट्युलिझमचे (गंभीर विषबाधेचे) जिवाणू विष तयार करू शकतात, आणि त्याचा वास किंवा चव येतेच असं नाही. मध असलेलं ड्रेसिंग एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नका.

मिक्सरच्या पात्याच्या बुडाशी काळपट वंगण दिसलं, भांडं खालून गळायला लागलं किंवा जळका वास आला तर बटण बंद करून प्लग काढा. ते ड्रेसिंग टाका आणि दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा. सील आणि कपलर बदलणं त्याच्यासाठी किरकोळ काम आहे, घरी पाना लावून पातं सैल ठेवणं महागात पडतं.

खाल्ल्यावर ओठ किंवा जीभ सुजली, अंगावर पित्त उठलं, श्वास लागला तर तातडीने दवाखाना. मोहरी, अंडं, किवी यांची ॲलर्जी असणारी माणसं असतात, तेव्हा पाहुण्यांना आधी विचारलेलं बरं. दोन-दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास ही बोट्युलिझमची लक्षणं, त्यात सकाळची वाट पाहायची नाही. ग्रेपफ्रूटचं ड्रेसिंग करत असाल आणि घरात कुणाला कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला विचारा. काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्या फळाने वाढतं.

बाटल्या भरून फ्रीजबाहेर ठेवायच्या किंवा विकायच्या असतील, तर घरची कृती तिथेच संपते. त्यासाठी पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली आणि पुरेशा अंतराने खाली असल्याची मोजून खात्री लागते. कागदी पट्टीने हे होत नाही, बेरीच्या लाल-जांभळ्या रसात पट्टीचा रंगच वाचता येत नाही. अन्नतंत्रज्ञाकडून किंवा अन्नचाचणी प्रयोगशाळेकडून मीटरने मोजून घ्या, आणि फळ बदललं की पुन्हा मोजा.